मदत हवी आहे: इंजिन विकलं, सोलर बसवला, पाणी टाकीत चढंना

खानापूरचा_पोरगा:
मंडळी जरा लवकर सांगा. डिझेलला वैतागून इंजिन विकलं (त्यावर आत्ता बोलू नका, घरात रोज ऐकतोय) आणि ५ एचपीचा सोलर पंप बसवला. गोबरगॅस हायच, सिलेंडर सणावारापुरता, म्हणलं पाणी पण उन्हावर आलं की तेलाशी संबंध संपला. पंप चालतो, विहिरीवर पाईप सोडली की धो धो, पण टाकीत करंगळीएवढी धार, ती पण ११ ते २. बसवणारा म्हणतो पॅनल पुसा. आठ दिवस पुसतोय. डाळिंबाची कळी निघालीय, काय करू?

माणदेशी_७२:
विहीर का बोअर? पाणी किती खाली? टाकी किती उंच? पाईप किती इंची न किती लांब? डॉक्टरकडं जाऊन नुसतं दुखतंय म्हणून चालतं का भावा.

खानापूरचा_पोरगा:
विहीर. १० हजार लिटरची टाकी पहिल्यापासून हाय तिथंच, माळावर. इंजिनावर पाऊण तासात भरायची ना, मग आता काय झालं?

तासगाव_बागायत:
आमच्या घरावरच्या सोलर हिटरला पण असंच झालं होतं, नळ्यांत क्षार धरला होता. सायट्रिक ॲसिडनं धुवा, एकदम मोकळं होतं.

माणदेशी_७२:
तो पंपाचं विचारतोय, आंघोळीचं न्हाई.

कृष्णाकाठ_निवृत्त:
पोराचं कौतुक वाटलं. आपण क्रूड तेल शंभरातलं ८५ च्या वर बाहेरून आणतो. १९७३ ला तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं तेव्हा रॉकेलच्या रांगेत मी स्वतः उभा होतो. गावानं आपली वीज, आपलं इंधन गावातच करायला पाहिजे. फलटणला निंबकरांच्या नारी या शेती-संशोधन संस्थेनं गोड ज्वारीपासून इथेनॉल, त्यावर चालणारे स्टोव्ह-कंदील यावर किती वर्षं काम केलंय, आपल्याच जिल्ह्यांतल्या लोकांना माहीत नाही.

येरळा_वाळू:
काका, ज्वारी गोड असूदे न्हाईतर कडू, आधी तिला पाणी लागतं, आणि तेच चढंना झालंय.

पाटण_घाटमाथा:
पवनचक्की लाव की. आमच्या वांकुसवड्याच्या पठारावर बघ किती हायेत.

माणदेशी_७२:
ते पठार कुठं, ह्याचा माळ कुठं. आणि वारं जोरात पावसाळ्यात, तेव्हा पाणी कुणाला पाहिजे?

गलाईवाला_तमिळनाडू:
बॅटरी बँक टाका, रात्रीपण पंप चालेल. इकडं दुकानाला लावलीय, झकास.

येरळा_वाळू:
दुकानाचे दोन पंखे आणि ५ एचपी सारखं हाय होय? चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलायला परत कर्ज. शेतात टाकी हीच बॅटरी, दुपारी भर, पहाटे सोड. खरं म्हणजे एकट्यानं करायचं कामच न्हाई हे, पाच विहिरीवाल्यांनी मिळून करायचं. येरळेवरचं बळीराजा धरण बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून उभं केलंच की.

गलाईवाला_तमिळनाडू:
पाच भावकीवाले एका मोटारीवर? निम्मं गाव कोर्टात दिसेल.

खानापूरचा_पोरगा:
अहो माझं राहिलं बाजूला. वडील म्हणतात पाणी ८ परसावर.

वायरमन_पलूस:
म्हणजे ४८-५० फूट धर. आता विहिरीच्या काठापासून टाकीची उंची काढ, अंदाजानं नको. गवंड्याकडची लेव्हल बघायची पाण्याची नळी आण, दोघं धरा, एकानं लिहा, टप्प्याटप्प्यानं वर जा. आणि पंपाच्या प्लेटवर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो, ते किती लिहिलंय बघ. एचपी सगळे सांगतात, हेड कुणी बघत न्हाई.

खानापूरचा_पोरगा:
सकाळ गेली त्यात. नळीनं ९८ फूट आलं. प्लेटवर हेड ३० मी.

वायरमन_पलूस:
हे बघ, ५० न ९८, दीडशे फूट झाले, म्हणजे ४५ मीटर, पाईपातलं घर्षण वेगळंच. ३० च्या पंपाला कडक उन्हात वर धार येती हेच नशीब. पॅनल पुसून काय होणार. डिझेल लई माजोरी चीज, एका लिटरात १० युनिट उष्णता, जुनं इंजिन न पंप मिळून त्यातलं आठ-साडेआठ धुरात न तापण्यात घालवायचे आणि उरलेल्या दीडावर पण तुझी १० हजार लिटरची टाकी भरायची. म्हणून माळावर टाकी बांधताना तुझ्या आज्यानं हिशेब केला न्हाई. सोलरला तो करावाच लागतो.
बसवणाऱ्याला हे आकडे दाखव आणि ५० मीटर हेडचा पंप बदलून माग, एचपी तेवढाच, स्टेज (आतले पंखे) जास्त, पॅनल तीच चालतील, कंट्रोलरला चालतो का विचार. तोवर चढाच्या मध्यावर, काठापासून ४० फूट उंचीवर प्लास्टिकची टाकी ठेव, तिथवर हाच पंप पाणी देईल. ड्रिपला एक किलो प्रेशर म्हणजे १० मीटर उतार लागतो, तेव्हा टाकीखालची बाग निम्मी तरी भिजेल.

कृष्णाकाठ_निवृत्त:
आजोबांनी टाकी उंच बांधली ती दूरदृष्टीच म्हणायची.

खानापूरचा_पोरगा:
आज्यानं न्हाई, चुलत्यानं बांधलीय, खाली त्याचं घर येत होतं म्हणून वर. बरं, मधली टाकी उद्याच ठेवतो. पाईप दोन इंची हाय, बाराशे फूट, त्यानं काय फरक पडतो का? हे कुणी विचारलंच न्हाई.

माणदेशी_७२:
पहिल्याच कमेंटीत विचारलंय. वर जाऊन वाच.