प्रतिसाद: ऊ सॉ आणि 'थुरिया'

ब्रह्मदेशाचे (आजच्या म्यानमारचे) राजकारणी ऊ सॉ यांचा उल्लेख ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे त्यात केवळ स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांचा मारेकरी म्हणून झाला आहे. ते खोटे नाही, पण त्याने त्यांच्या राजकारणाचा उलगडा होत नाही. ब्रिटिशांविरुद्ध शेतकऱ्यांचे बंड करणाऱ्या साया सान यांच्या खटल्यातील बचावामुळे नावारूपाला आलेल्या या माणसाने १९३५ मध्ये जपानचा दौरा केला, पुढे रंगूनचे 'थुरिया' हे वृत्तपत्र हाती घेतले आणि त्याच्या बळावर १९३८ मध्ये म्योचित ('देशभक्त') पक्ष उभा केला. १९४० मध्ये ते पंतप्रधान झाले.

खरी गंमत (तिला गंमत म्हणवत नाही) पुढे आहे. वसाहतीय स्वराज्याची (साम्राज्यात राहून स्वशासनाची) लंडनला जाऊन केलेली मागणी चर्चिल यांनी धुडकावल्यावर परतीच्या प्रवासात ऊ सॉ यांनी लिस्बनमधील जपानी वकिलातीशी संधान बांधले. परंतु जपानी सांकेतिक संदेश दोस्तराष्ट्रे वाचत असल्याने ते पकडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत युगांडात स्थानबद्ध राहिले. सुटून आले तेव्हा देशाचे नेतृत्व आँग सान यांच्याकडे गेले होते, आणि ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्याविषयीच्या जानेवारी १९४७ च्या लंडन करारावर सही करण्यास ऊ सॉ यांनी नकार दिला.

१९ जुलै १९४७ रोजी त्यांच्या माणसांनी रंगूनच्या सचिवालयात आँग सान यांच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत घुसून गोळीबार केला. त्यात आँग सान यांच्याबरोबर बळी पडलेले माहितीमंत्री बा चो हेही पत्रकार, 'डीडोक' या नियतकालिकाचे संपादक होते, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ऊ सॉ यांना मे १९४८ मध्ये इन्सेन तुरुंगात फाशी झाली.