बीएचसी हे कीडनाशक बंद होऊन पाव शतक उलटलं. आता माती तपासायची कशाला?

बांधावरचा
आमच्या सेंद्रिय गटाच्या बैठकीत मी एक ठराव मांडला आणि तो पडला. म्हणून इथे विचारतो. ठराव एवढाच होता की प्रमाणपत्रासाठी शेत नोंदवण्याआधी मातीत जुन्या क्लोरीनवाल्या कीडनाशकांचा अंश आहे का, ते एकदा तपासावं.

उसातल्या हुमणीला, वाळवीला बीएचसी (म्हणजेच एचसीएच) पावडर किती पडली याचा हिशेब कुणाकडेच नाही. फडक्याच्या पुरचुंडीत पावडर बांधायची, काठीने ठोकत सरीवरून चालायचं. ती धूळ आणि तो कुबट वास साठीच्या पुढच्या कुणालाही आठवेल. त्या पावडरीत किडा मारणारा गॅमा घटक जेमतेम १० ते १५ टक्के. बाकीचा अल्फा, बीटा वगैरे माल फुकटच जमिनीत गेला, आणि त्यातला बीटा सगळ्यात चिवट. बीएचसीवर बंदी आली १ एप्रिल १९९७ ला. डीडीटी शेतीसाठी १९८९ मध्येच बंद झालं.

सेंद्रिय नियमात रूपांतराचा काळ हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागांना तीन. तेवढ्यात युरियाची सवय सुटते, बीटा-एचसीएच कुठे सुटतंय? मृदा आरोग्य पत्रिकेत नत्रापासून बोरॉनपर्यंत १२ बाबी आहेत, पण यातली एकही नाही.

तासगावचा_बागायतदार
मी बैठकीत असतो तर विरोधातच हात वर केला असता. प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही शेती कशी करता त्याची ग्वाही. आजोबांनी काय टाकलं त्याची नव्हे. आम्ही युरोपला द्राक्ष पाठवतो तेव्हा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधाचा अंश किती उरला त्याचा, मण्यांचा काढतो, कारण खाणारा मणी खातो, माती नाही.

शिवाय ही तपासणी साध्या माती परीक्षणाच्या कैक पट महाग. बरं, काढली आणि सापडलं, तर पुढे काय? जमीन धुता येत नाही की बदलता येत नाही. बोंब मात्र बँकेपासून व्यापाऱ्यापर्यंत होणार. आपल्याच सातबाऱ्यावर आपणच शाई सांडायची हौस कुणाला आहे?

लॅबवाला
रेसिड्यूच्याच कामात आहे म्हणून लिहितो. मातीतला अंश काळासोबत घसरतो हे खरं आहे, ते नाकारू नका. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात १८४३ साली सुरू झालेल्या प्रयोगाच्या मातीचे जुने नमुने बाटल्यांत बंद करून ठेवलेत. पुढे ते तपासले तेव्हा पीसीबीचा (ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते क्लोरीनवालं रसायन) सगळा आलेख समोर आला: १९४० नंतर चढ, साठ-सत्तरच्या दशकात शिखर, मग उतार. गंमत म्हणजे ते पीसीबी शेतात कुणी टाकलंच नव्हतं. हवेतून आलं आणि बरंचसं हवेतच परत गेलं. आपल्या उन्हात एचसीएच तर आणखी लवकर उडतं. (उडालं म्हणजे संपलं नाही. थंड मुलखात जाऊन बसतं. पण तो वाद वेगळा.)

मात्र नुसत्या बंदीच्या तारखेवरून हिशेब मांडू नका. डीडीटी तुटून डीडीई होतं. नमुन्यात डीडीई जास्त निघालं तर माल जुना, मूळ डीडीटी जास्त निघालं तर अलीकडचा समजायचा. आणि लाल कोळीवर मारायचो ते डायकोफॉल आठवतंय ना? ते डीडीटीपासूनच बनायचं आणि त्यात थोडं डीडीटी उरायचं. म्हणजे १९८९ नंतरही मागल्या दाराने येतच होतं.

गोठा_नंबर_एक
दुधाचं कुणी बोलतच नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या १९९३ च्या पाहणीत १२ राज्यांतले गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने होते. त्यातल्या सुमारे ८२ टक्क्यांत डीडीटी सापडलं. मर्यादेबाहेरच्या नमुन्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे होतं? आपल्या महाराष्ट्रात, ७४ टक्के.

तासगावचा_बागायतदार
१९९३ चे आकडे आज काढून काय सिद्ध होतं? तेव्हा शेतीबंदीला उणीपुरी चार वर्षं झाली होती आणि मलेरियावाले घराघरांत, गोठ्यांत डीडीटी मारत होते. दुधातलं सगळं मातीतूनच आलं हे कशावरून?

गोठा_नंबर_एक
सगळं मातीतून आलं असं मी कुठे म्हटलं? भिंतीवरचं गव्हाणीत पडलं, शेणातून उकिरड्यावर गेलं, उकिरडा शेतात पसरला. शेणखत म्हणजे शुद्धच, हे गृहीत धरणाऱ्यांसाठी सांगतोय.

परसबाग
दादा, 'पुढे काय' या प्रश्नाला उत्तर आहे. जपानमध्ये डिल्ड्रिन हे असलंच क्लोरीनवालं कीडनाशक सत्तरच्या दशकात बंद झालं, तरी २००० नंतरही काकडीत मर्यादेपेक्षा जास्त सापडत होतं. काकडी, भोपळा ही वेलवर्गीय पिकं मुळातून ते ओढतात. टोमॅटो सहसा ओढत नाही. त्यांनी जमीन पडीक टाकली नाही. लागवडीआधी माती तपासली, पीक बदललं, कमी ओढणाऱ्या खुंटावर काकडीचं कलम केलं.

कॅरिबियनमध्ये मार्टिनिक आणि ग्वादलूपला केळीच्या सोंडकिड्यासाठी १९९३ पर्यंत क्लोरडेकोन हे त्याच जातीचं कीडनाशक वापरलं. तिथल्या काही जमिनींत ते शतकानुशतकं राहील असा अंदाज आहे. केळ्यात ते जवळजवळ उतरत नाही, अळूच्या कंदात उतरतं.

तासगावचा_बागायतदार
म्हणजे ताई, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत! केळं स्वच्छ आहे ना, मग मालच तपासा. आणि तिथली ज्वालामुखीची माती रेणू धरून ठेवते म्हणून तशी वेळ आली. तो हिशेब आपल्या काळ्या रानाला लावू नका.

परसबाग
माल तपासायचा तर काकडी पिकवून, खर्च करून मग ट्रक परत आणायचा? आधी माती बघितली तर लागवडच वाचते. माझं म्हणणं सगळ्यांनी तपासा असं नाहीच. वेलवर्गीय नाहीतर गाजर, मुळा, कंद लावणार असाल आणि रान जुन्या उसाचं असेल, तरच.

लॅबवाला
याला माझा दुजोरा. फक्त नमुना घेताना एक चूक टाळा. अख्ख्या शेतातल्या दहा ठिकाणची माती कालवून एक पुडी पाठवली की सरासरी छान येते. जुनं खळं, औषधाची खोली होती तो कोपरा, विहिरीजवळ पंप भरायचे ती जागा, यांच्या पुड्या वेगळ्या करा. माल सापडला तर तिथेच सापडतो.

तासगावचा_बागायतदार
इतपत असेल तर मी ऐकतो. पण रिपोर्ट शेतकऱ्याच्याच हातात राहिला पाहिजे. गटाच्या दप्तरात गेला की तासाभरात व्हॉट्सॲपवर.

बांधावरचा
तिथे नाही पटत. काकडी गटाच्या नावाने जाणार असेल तर रिपोर्ट गटाला कळायलाच हवा.

गोठा_नंबर_एक
मग तपासणीचे पैसेही गटानेच भरायचे. हे ठरावात घालून बघा, पुढच्या बैठकीत किती हात वर होतात ते कळेल.