सी-आर्म (ऑपरेशनमधलं कमानीचं एक्स-रे मशीन) लॅटरलला (बाजूच्या चित्राला) फिरवला की एपीला (समोरच्या चित्राला) परत त्याच जागी कसा आणायचा?

ओटी_चिमूर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या दवाखान्यात पीएफएनच्या (मोडलेल्या मांडीच्या हाडात खिळा घालायच्या) केसेस जास्त. सी-आर्म जुना, इमेज इंटेन्सिफायरवाला (एक्स-रेचं चित्र उजळ करणाऱ्या नळीचा). एपी घेऊन लॅटरलला गेलं की परत येताना तोच कोन सापडत नाही, नुसती जागा शोधण्यात चार-पाच शॉट जातात. नेव्हिगेशनचं (कॅमेऱ्याने जागा दाखवणाऱ्या यंत्रणेचं) बजेट नाही. कोनमापक लावून भागेल का?

रेडिओग्राफर_वर्धा
भाऊ, आधी मशीनचा पाया हलवणं बंद करा. फ्रॅक्चर टेबलवर मशीन पेशंटच्या दोन पायांच्या मधून, अंगाच्या रेषेला साधारण 45 अंशांत घाला. मग एपी-लॅटरल नुसत्या ऑर्बिटलवर (कमान तिच्याच गोलाईवर सरकवून) होतं. विग-वॅग (कमानीचं डावी-उजवीकडे वळणं) शून्यावर लॉक, चाकांचे ब्रेक लावलेले, टेबलचेही.

तरी चित्र सरकेल, कारण बहुतेक जुन्या मशीनमध्ये किरणाची मधली रेषा कमानीच्या केंद्रातून जात नाही. म्हणून लॅटरलला कॉलम किती सेंमी वर-खाली केला आणि आडवा आर्म किती ओढला, ते पहिल्याच वेळी पट्टीवरून वाचून फळ्यावर लिहा. कॉलमवर पट्टी नसेल तर शिंप्याची टेप चिकटवा. हे आकडे त्या पेशंटपुरतेच. पाय किती आत वळवलाय त्यावर लॅटरलचा कोन बदलतो. एपीचं चित्र डाव्या मॉनिटरवर सेव्ह ठेवा आणि लहान ट्रोकँटरची (मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातल्या छोट्या उंचवट्याची) कड जुळवा.

बायोमेडिकल_नागपूर
डिजिटल इन्क्लिनोमीटर (कल मोजणारा कोनमापक) चालेल, पण तो खुद्द सी-कमानीवर लावा. तिला धरणाऱ्या आर्मवर लावला तर ऑर्बिटल मोजलाच जात नाही. आणि चुंबकी तळाचा घेऊन इंटेन्सिफायरजवळ चिकटवू नका, चित्र वाकडं होतं. तो गुरुत्वावर चालतो, त्यामुळे विग-वॅग किंवा अख्खं मशीन वळलं तर आकडा ढिम्म हलत नाही. त्यासाठी फरशीवरच्या खुणाच लागतात. दोन चाकांत 80 सेंमी अंतर असेल आणि एक चाक 1.4 सेंमी सरकलं, तर 1 अंश गेला.

ओटी_चिमूर
फरशीवर टेप लावली होती सर. रोज फिनाईलने पुसतात, आठवड्यात उखडते.

बायोमेडिकल_नागपूर
इपॉक्सी पेंटचे ठिपके द्या. ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद असेल त्या दिवशी, फरशी कोरडी करून. ब्रेकही तपासा: ऑर्बिटल लॉक केल्यावर कमान आपोआप घसरत असेल तर कोणताच आकडा खरा राहणार नाही, सर्व्हिसवाल्याला बोलवा.

स्पाइन_ओटी
नेव्हिगेशनबद्दल: इन्फ्रारेड कॅमेरा परावर्तक गोळ्या बघतो, एक संच हाडाला, एक इंटेन्सिफायरला. मधे कुणाचं डोकं आलं की ट्रॅकिंग तुटतं, ते निदान कळतं तरी. हाडावरची फ्रेम धक्क्याने सरकली तर स्क्रीन सगळं ठीक दाखवते आणि स्क्रू भलतीकडे जातो. शिवाय इंटेन्सिफायरचं चित्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राने किंचित पिळतं आणि दर कोनाला वेगळं, म्हणून धातूच्या मण्यांची कॅलिब्रेशन जाळी बसवावी लागते. पेडिकल स्क्रूला (मणक्यात बसवायच्या स्क्रूला) तो खर्च पटतो. पीएफएनला रंगाचे ठिपके पुरे.