लक्षणे नसताना कर्करोगाची चाचणी: पॉझिटिव्ह आल्यास काय समजावे?

प्रश्न: माझे वय ४७ असून कोणतीही तक्रार नाही, तरीही डॉक्टरांनी मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी), गर्भाशयमुखाची एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा विषाणू) चाचणी आणि शौचाची फिट चाचणी सुचवली आहे. यांपैकी एखादी पॉझिटिव्ह आली, तर कर्करोग झालाच असे समजायचे का?

प्रतिसाद १: मुळीच नाही. या चाचण्या निदान करत नाहीत. पुढे कोणाला तपासायचे एवढेच ठरवतात. फिट चाचणी शौचातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधते आणि ते मूळव्याधीमुळेही असू शकते. म्हणून पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा असलेल्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी करतात, जिच्यात आतड्यात पॉलिप (अस्तरावरची लहान वाढ) आढळल्यास तो कर्करोगात बदलण्यापूर्वीच बहुधा तिथल्या तिथे काढता येतो. पॉझिटिव्ह फिट पुन्हा करून निगेटिव्ह येते का ते पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण असे रक्त रोज पडतेच असे नाही.

प्रतिसाद २: एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि टिकलेल्या संसर्गातून कर्करोग व्हायला सहसा १५ ते २० वर्षे लागतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांसाठी ही चाचणी वयाच्या ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी सुचवते.

प्रतिसाद ३: आई, बहीण किंवा वडिलांना कर्करोग झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यानुसार वेळापत्रक बदलते. शिवाय स्तनात गाठ जाणवली, तर मागची मॅमोग्राफी चांगली होती म्हणून थांबू नये.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तिन्ही चाचण्यांची वेळ आजच ठरवते.