मृदा आरोग्य पत्रिका चांगली आली, म्हणजे माती भाजीपाल्यासाठी सुरक्षित आहे का?

प्रश्न : नागकाठकर

नागपूरच्या पूर्वेला नाग नदीच्या काठी आमचे वडिलोपार्जित वावर आहे. पावसाळा सोडला तर त्याला मोटर लावून नदीचेच पाणी दिले जाते, आणि शहराचे सांडपाणी वाहून आणणारी ही नदी कशी आहे हे येथे सांगण्याची गरज नाही. यंदा माती तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब 0.82 टक्के, सामू (पीएच) 7.9, स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, जस्त (झिंक) 4.6 पीपीएम (दशलक्ष भागांत 4.6 भाग) असे आकडे आले. पत्रिका पाहून मेव्हण्यांनी सुचवले की शहरातल्या घरामागे मोकळी जागा आहेच, तेव्हा वावरातली दोन ट्रॉली माती आणून टाकावी आणि पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) घरच्या घरी घ्यावा. पत्रिकेत इतकी सुपीक ठरलेली माती खाण्याच्या भाज्यांसाठी निर्धास्तपणे वापरता येईल का? घराची मागची भिंत जुनी असून तिचा रंग पोपडे धरून गळतो, तसेच कंपाउंडला लागून वर्दळीचा रस्ता आहे, हेही नमूद करतो.

प्रतिसाद : काळी माती

मृदा आरोग्य पत्रिकेची केंद्रीय योजना 2015 मध्ये सुरू झाली आणि तिच्यात 12 निकष मोजले जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, क्षारांचे प्रमाण आणि सेंद्रिय कर्ब. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांपैकी एकही त्यात नाही. पिकाला काय कमी पडते एवढेच ही पत्रिका सांगते. खाणाऱ्याला काय बाधेल हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नाही.

तरीही आपल्या पत्रिकेतला एक आकडा बोलका आहे, तो म्हणजे जस्ताचा. विदर्भातल्या चुनखडीयुक्त भारी काळ्या जमिनीत उपलब्ध जस्त बहुधा कमीच असते, 0.6 पीपीएमच्या खाली गेले की आपण झिंक सल्फेट टाकतो. तेथे 4.6 येत असेल आणि आपण स्वतः इतके झिंक टाकलेले नसेल, तर ते बाहेरून, बहुतेक सांडपाण्यातूनच आलेले असणार. जस्त स्वतः त्या मात्रेत घातक नाही. पण ज्या वाटेने ते आले, त्याच वाटेने आणखी काय आले हे तपासणे भाग आहे.

तपासणी करताना एक काळजी घ्यावी. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली असल्यामुळे तिच्यात तांबे, निकेल, क्रोमियम यांचे एकूण प्रमाण मुळातच बरेच असते. त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही आणि निश्चिंत होण्यातही नाही. त्याच शिवारातल्या, नदीचे पाणी कधीच न घेतलेल्या कोरडवाहू वावरातला दुसरा नमुना सोबत द्यावा आणि दोन्हींची तुलना करावी. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडण्याची पद्धत तीच, मात्र जस्ताचा मुलामा असलेले खुरपे किंवा बादली वापरू नये, प्लास्टिकचे साहित्य घ्यावे. जड धातूंसाठी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत 'एकूण' आणि 'उपलब्ध' (म्हणजे पिकाला शोषता येईल तेवढे) असे दोन्ही आकडे मागावेत.

प्रतिसाद : पऱ्हाटीवाला

वरील माहिती योग्य आहे. आमचेही वावर त्याच पाण्यावर आहे, म्हणून कास्तकाराच्या बाजूने थोडी भर घालतो. या पाण्यात नत्र असतेच. त्यावर नेहमीप्रमाणे युरिया टाकला की पऱ्हाटी (कपाशी) नुसती माजते, पाने काळीभोर होतात, बोंडे उशिरा धरतात आणि मावा-तुडतुड्यांना आमंत्रण मिळते. शेजारी त्याला जमिनीचा कस म्हणतात. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे : साबण व डिटर्जंटमधले सोडियम काळ्या मातीत साचत गेले की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही आणि वखरताना ओली माती चिकटते, तर वाळली की दगडासारखी ढेकळे निघतात. जमीन चोपण होण्याची ही सुरुवात असते. तेव्हा तपासणीत विनिमयक्षम सोडियमही (मातीच्या कणांना धरून राहिलेले) सांगून मोजून घ्यावे. ते जास्त निघाले तर जिप्समचा विचार करता येतो, परंतु पाणी तेच राहिले तर खर्च वाया जातो.

पालेभाजीबद्दल म्हणाल, तर त्या पाण्यावर मी कापूस घेतो, सांबार घेत नाही. सांडपाण्यातल्या जंतांची अंडी जमिनीलगतच्या पानांवर बसतात, आणि सांबार आपण कच्चाच खातो.

प्रतिसाद : नागकाठकर

दोघांचेही आभार. झिंक आम्ही टाकलेले नाही. पालक नीट धुऊन व शिजवून घेतला तर चालेल का?

प्रतिसाद : काळी माती

जंतूंसाठी चालेल, धातूंसाठी नाही. शिसे बहुतांशी पानांवर चिकटलेल्या धुळीतून येते, ते धुण्याने बरेच जाते. कॅडमियम मात्र मुळांवाटे पानात शिरते आणि शिजवून नाहीसे होत नाही. आपला सामू 7.9 आहे आणि मातीत चुना आहे, ही जमेची बाजू, कारण अशा मातीत कॅडमियम व शिसे पिकाला कमी उपलब्ध होतात. हाताशी आहे म्हणून आम्लधर्मी काही टाकून ही बाजू घालवू नका.

खरी अडचण घरामागच्या जागेचीही आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 मध्ये बंद झाले, रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, आणि जुन्या रंगाचे पोपडे भिंतीच्या पायथ्याशीच पडून राहतात. शिसे मातीच्या वरच्या थरातून सहजी हलत नाही. म्हणून भिंतीपासून दूर वाफे करा, पायथ्याची माती वेगळी तपासा, आणि मुले तेथे खेळत असतील तर ती आधी झाकून टाका.

प्रतिसाद : कोराडी रोड

एक जोड : चिकट माती भुसभुशीत होते म्हणून कोणी औष्णिक वीज केंद्राची राख मिसळायला सांगेल. आपल्याकडची माती आधीच अल्कधर्मी आहे आणि राखेत बोरॉन व आर्सेनिक असू शकते, तेव्हा खाण्याच्या वाफ्यात ती नको. त्यापेक्षा कोरडवाहू वावरातली माती आणि कुजलेले शेणखत घालून उंच वाफे करावेत. नदीकाठची माती आणायचीच असेल तर अहवाल येईपर्यंत तिच्यात वांगी-टोमॅटोही न लावता झेंडू लावावा.