सगळंच एनआरए नव्हे

'अमेरिकेत स्थानिक बंदूकबंदीला होणारा विरोध म्हणजे निव्वळ एनआरएचा (नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकसमर्थक संघटनेचा) पैसा' असं अनेकदा म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे ते. शिकागोचं बघा. 1982 पासून तिथे नव्या हँडगनची नोंदणीच बंद होती, म्हणजे घरात ठेवायलाही बंदी. त्याविरुद्ध कोर्टात गेलेले ओटिस मॅकडोनल्ड हे सत्तरी ओलांडलेले, निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थ. घर अनेकदा फुटलेलं. त्यांच्या पाठीशी सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन ही बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी लढणारी संस्था आणि इलिनॉयची राज्य रायफल संघटना होती. एनआरएचा खटला वेगळा होता. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 4 मतांनी मॅकडोनल्ड जिंकले.

खरी गंमत पुढेच आहे. चारच दिवसांत शहराने नवा वटहुकूम, नव्हे, रीतसर नियम केला: परवान्यासाठी शूटिंग रेंजवर तासभर सराव सक्तीचा, आणि शहरात सर्वसामान्यांसाठी रेंज चालवायला मात्र मनाई! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. 2011 मध्ये अपील कोर्टाने या रेंजबंदीलाही स्थगिती दिली.

मी स्वतः बंदुकांच्या बाजूचा नाही. पण असले नियम केले की विरोधकांना आयतं कोलीत मिळतं, हे तिथल्या नगरसेवकांना कळलं नसेल?