फ्लोटवर हात बसलाय, आता ग्रिड शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

सिडकोची_ताई

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहते, घरूनच वेबसाइटची कामं करते. त्याआधी शालिमारजवळ एका डीटीपी सेंटरमध्ये अकरा वर्षं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिवाळी अंकांची पानं लावली. २०१४ मध्ये बूटस्ट्रॅप ३ शिकले, म्हणजे सीएसएसचे (पानाची मांडणी आणि रूप ठरवणारे) तयार नियम, ज्यात चौकटी फ्लोटने शेजारी-शेजारी बसतात, आणि आजवर त्यावरच भागवलं. काम मिळतं, पैसे मिळतात, पण आता अडायला लागलंय.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष रोपवाटिकेची साइट करतेय. सात जातींची सात कार्डं आहेत: माणिक चमन, थॉमसन, सोनाका, शरद वगैरे. एका रांगेत तीन. माणिक चमन पहिलं, आणि त्याचं वर्णन बाकीच्यांपेक्षा दोन ओळी मोठं. त्यामुळे चौथं कार्ड खाली येताना त्याच्या कडेला अडकतं आणि थेट दुसऱ्या कार्डाखाली जाऊन बसतं. डावीकडे मोकळा खड्डा. उंची ठरवून दिली तर मोबाइलवर मजकूर चौकटीबाहेर सांडतो. शेतकरी बागेत उभा राहून फोनवरच दर बघणार, त्यामुळे मला हे नीटच हवंय.

व्हिडिओ बघायला बसले की दहा नावं एकदम अंगावर येतात: ग्रिड, फ्लेक्स, सबग्रिड, कंटेनर क्वेरी, हॅज, लेयर, टेलविंड. आधी काय, मग काय, कोणी क्रम सांगेल का? आणि एवढी वर्षं शिकलेलं सगळं टाकून द्यायचं का?

अंबड_लिंकरोड

टेलविंड घ्या, सीएसएसची तयार छोटी नावं मिळतात, काम पटकन होतं. आमच्या ऑफिसात सगळे तेच वापरतात.

गंगापूररोडचा

टेलविंड वाईट नाही, पण ताईंना आत्ता त्याने फायदा होणार नाही. त्यातली ग्रिडची नावं वापरायलाही आधी ग्रिड कळायला लागतो.

ताई, तुमचं डीटीपी हेच तुमचं भांडवल आहे. पेजमेकरमध्ये पान उघडल्यावर तुम्ही आधी कॉलम आणि गाइड ठरवत होतात, मजकूर नंतर ओतत होतात. ग्रिड अगदी तसाच चालतो. फ्लोट मुळात चित्राच्या बाजूने मजकूर वाहावा म्हणून होता. आपण सगळ्यांनी त्यावर पानंच्या पानं उभी केली, कारण तेव्हा दुसरं काही नव्हतं. ग्रिड क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आला मार्च २०१७ मध्ये. म्हणजे २०१४ मध्ये तुम्ही जे शिकलात ते तेव्हा बरोबरच होतं.

बदल एकाच ठिकाणी करायचा आहे. आतापर्यंत तुम्ही प्रत्येक कार्डाला सांगत होतात की तुझी रुंदी ३३ टक्के, तू डावीकडे तरंग. आता कार्डांना काहीच सांगायचं नाही. सगळी कार्डं ज्या डब्यात आहेत त्या डब्याला सांगायचं: डिस्प्ले ग्रिड, कॉलम रिपीट, ऑटो-फिल (मावतील तेवढे कॉलम), मिनमॅक्स २४० पिक्सेल ते १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा), गॅप १६ पिक्सेल. एका रांगेतली कार्डं आपोआप सारख्या उंचीची होतात, तुमचा खड्डा बुजतो. माझ्या मते नव्या सीएसएसचं निम्मं शिक्षण एवढंच आहे: मांडणी आईबापांवर लिहायची, लेकरांवर नाही.

मग कार्डाच्या आत फ्लेक्स, म्हणजे एकाच दिशेने एकापुढे एक लावणारी मांडणी. दिशा कॉलम ठेवा आणि दराच्या पट्टीला वरचा मार्जिन ऑटो द्या, म्हणजे वर्णन केवढंही असो, सातही दर तळाशीच बसतात.

व्हिडिओ आठवडाभर बंद ठेवा. हेच पान फायरफॉक्समध्ये उघडा, इन्स्पेक्टरमध्ये (पानाचा कोड दाखवणारी खिडकी) डब्याच्या नावाशेजारी ‘ग्रिड’ अशी बारीक खूण दिसेल. ती दाबली की रेघा पानावरच उमटतात. तुम्हाला ते जुन्या गाइडसारखं वाटेल, बघा.

बूटस्ट्रॅप लगेच काढू नका. त्याची फाइल इम्पोर्ट करताना एका लेयरमध्ये, म्हणजे नियमांच्या वेगळ्या थरात टाका. लेयरबाहेरचे तुमचे नियम मग त्याच्या साध्या नियमांवर आपोआप वरचढ ठरतात, जागोजागी ‘इम्पॉर्टंट’ लिहावं लागत नाही. बाकीची नावं गरज पडेल तेव्हा.

रेफ_आणि_रफार

मांडणीचं वर आलंच आहे, मी अक्षरांबद्दल सांगते, कारण हे इंग्रजी धड्यांत क्वचितच येतं. तयार थीममध्ये लाइन-हाइट (ओळीची उंची) बऱ्याचदा कमी असते. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मी १.६ च्या खाली जात नाही. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

पानाच्या सुरुवातीला भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) लिहायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर तेवढ्यानेच ल आणि श मराठी वळणाचे येतात. मराठी पानावर हिंदी वळणाचा श दिसला की मला खटकतंच.

सिडकोची_ताई

नऊ दिवसांनी परत आले. दोघांचे मनापासून आभार. ‘अंबड_लिंकरोड’, तुमचंही, पुढे बघेन ते.

खड्डा गेला. रांगा जोडण्यासाठी लिहिलेल्या माझ्या साठेक ओळी पुसल्या आणि त्यांच्या जागी चार आल्या. त्या रेघा फायरफॉक्समध्ये पहिल्यांदा उमटल्या तेव्हा खरंच शालिमारचं टेबल आठवलं. मोबाइलवर मला शेजारी-शेजारी दोन कार्डं हवी होती, म्हणून २४० चे १५० केले. तिथे ‘डॉगरिज-खुंटावरची’ हा शब्द मध्येच डोकं वर काढून बाहेर आला. ओव्हरफ्लो-रॅप (न मावणारा शब्द तोडून खालच्या ओळीत नेणारा नियम) दिल्यावर बसला. लाइन-हाइट १.७ ठेवली. श सुधारला, मलाच आधी कळलं नव्हतं की काय चुकतंय.

काल रोपवाटिकेत जाऊन मालकांच्याच फोनवर दाखवलं, शेडनेटच्या बाहेर, उन्हात. त्यांनी अंगठ्याने एकदा वर सरकवलं आणि म्हणाले, “दर सगळे एका रेषेत आले, आता शोधावं लागत नाही.” मग लगेच पुढचं काम दिलं: ज्या जातीची रोपं संपली ते कार्ड आपोआप वेगळं दिसावं. ‘संपली’ ही पाटी ते स्वतः टाकतात, ती कार्डाच्या आत असते, आणि रंग मात्र अख्ख्या कार्डाचा बदलायचा आहे. म्हणजे हॅजची गरज पडली का?

गंगापूररोडचा

पडली. ज्या कार्डात ‘संपली’ची पाटी आहे ते कार्ड, असा एकच नियम लिहा. डिसेंबर २०२३ पासून फायरफॉक्समध्येही चालतं, क्रोम आणि सफारीत त्याआधीपासून आहे. फक्त अख्खं कार्ड फिकं करू नका, उन्हात जातीचं नाव वाचता येणार नाही. मागचा रंग तेवढा बदला.